शंकरपटाची पूर्वपीठिका

हलक्या छकड्यास जुंपलेल्या बैलजोडीच्या शर्यतीस मराठवाड्यांत व विदर्भांत शंकरपट म्हणतात. जालना जिल्हा वऱ्हाडच्या सीमेस लागून असल्यामुळें तेथें हा खेळ परिचयाचाच आहे. इ. स. २०१४ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें अशा शर्यती बंद केल्या. २०१७ सालीं महाराष्ट्र विधिमंडळानें कायद्यांत दुरुस्ती केली, आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें ती वैध ठरविली. या वादांत परंपरेच्या प्राचीनत्वाचा दाखला वारंवार देण्यांत आला. परंपरेचें वय ठरविणें हें इतिहाससंशोधकाचें काम असल्यानें त्या दाखल्यांची छाननी आम्ही येथें करितों.

पहिला आधार ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील १०२ वें सूक्त. मुद्गल ऋषीनें एका बाजूस बैल व दुसऱ्या बाजूस द्रुघण, म्हणजे लांकडी घण, जुंपून ‘आजि’ जिंकली, अशी कथा यास्क निरुक्तांत देतो. सूक्तांत रथ हांकणारी मुद्गलानी आहे. परंतु ‘आजि’ म्हणजे शर्यत तसेंच युद्धही. शिवाय कथेचें मर्म विजोड जोडीच्या जयांत आहे. भागवताच्या दशम स्कंधांत श्रीकृष्णानें नग्नजित् राजाचे सात बैल आवरून सत्येस वरिलें. पण ती बैल आवरण्याची पैज, पळविण्याची नव्हे. तिचें नातें तामिळ देशांतील जल्लिकट्टूशीं अधिक जुळतें.

ग्रंथाहून वस्तु कित्येकदां अधिक बोलते. १९७४ सालीं प्रवरेकांठीं दायमाबाद येथें चार कांस्यशिल्पें सांपडलीं. त्यांपैकीं एक दोन बैल जुंपलेला रथ असून त्यावर पुरुष उभा आहे. गोदावरीच्या खोऱ्यांतील बैलरथाचें हें साक्षात् प्रमाण होय. शर्यतीचें प्रमाण मात्र तें नव्हे.

आमच्या मतें या खेळाचें मूळ बैलाच्या कामांत शोधावें. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं आजच्या जालना जिल्ह्यांतील असई येथें मराठ्यांच्या तोफांनीं वेलस्लीचे गोलंदाज व तोफा ओढणारे बैल टिपतांच त्याच्या तोफा मागें राहिल्या. तोफ असो वा धान्याची गोणी, जेथें सर्व कांहीं बैलाच्या पायांवर चालत असे, तेथें चपळ जोडीची पारख हा व्यवहाराचाच भाग होता; आणि जेथें पारख तेथें चुरस आलीच.

परदेशांतही हाच क्रम दिसतो. अमेरिकेंतील ‘रोडिओ’ हा शब्द वेढा घालणें या अर्थाच्या स्पॅनिश क्रियापदापासून आला. गुरें वळविण्याचें व फांस टाकण्याचें मेक्सिकन गुराख्यांचें काम पुढें खेळ झालें. १८८८ सालीं ॲरिझोनांतील प्रेस्कॉट येथें बक्षिसांचे सामने झाले, आणि १९४९ सालीं शाळकरी मुलांच्या सामन्यांसाठीं राष्ट्रीय संस्थाही निघाली. आपल्याकडे मुलांची वाट अधिक सौम्य आहे. विदर्भांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं तान्हा पोळा भरतो. मुलें लांकडी बैल सजवून आणितात व उत्तम सजावटीस बक्षीस मिळतें. ही प्रथा नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोंसल्यांनीं सुरू केली असें तिकडे परंपरेनें सांगतात. तेथें जनावर पळत नाहीं, तरी बैलाची आवड व चुरस हीं दोन्ही मुलांच्या अंगीं उतरतात.

सारांश, शंकरपटाच्या समर्थनार्थ वेदास साक्षीला ओढूं नये. बैलाचें काम प्राचीन. खेळ हें त्याचें अपत्य. आतां तें काम बहुतांशीं यंत्रांनीं घेतलें असून अपत्य मागें उरलें आहे. त्याचें भवितव्य प्राचीनत्वावर नव्हे, तर बैलास कसें वागविलें जातें यावर ठरावें.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच, कीं जत्रेच्या खर्चाचे कागद, बैलबाजाराच्या पावत्या व कुळकर्ण्यांच्या दप्तरांतील इनामांच्या याद्या किरकोळ म्हणून रद्दींत घालूं नयेत. खेळाचें खरें वय सूक्तांतून नव्हे, या कागदांतून ठरावयाचें आहे.