परसातील औषधी व मादक वनस्पती (मुरबाड–शहापूर)

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत घराभोवती लावलेल्या किंवा आपोआप उगवल्यावर राखलेल्या, दुखण्याखुपण्यावर आणि काही वेळा धुंदीसाठी वापरात असलेल्या वनस्पती. तुळस, अडुळसा, गुळवेल, कोरफड, गवती चहा, पानओवा, निर्गुडी, वेखंड आणि हळद या नेहमीच्या. धोतरा कुंपणाशी किंवा उकिरड्यावर वाढतो, तर मोहाचे झाड बांधावर किंवा माळावर असते. औषधी वनस्पती आणि विषारी वनस्पती असे दोन वेगळे गट परसात नसतात. योग्य झाड, त्याचा योग्य भाग, मात्रा आणि घेणाऱ्याची प्रकृती यांवर ती गुण देणार की अपाय करणार हे ठरते.

प्रदेश : मुरबाड–शहापूर पट्ट्यात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी आणि आगरी समाजांची वस्ती आहे. पाऊस सुमारे २,५०० मिमी पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. फाल्गुनापासून विहिरी आटू लागतात. साहजिकच पावसावर वाढून उन्हाळ्यात तग धरणारी झाडे आणि मोरीच्या सांडपाण्यावर जगणारी झाडे, अशीच लागवड परसात टिकते. अडुळसा आणि निर्गुडी कुंपणाला लावतात, कारण गुरे त्यांना सहसा तोंड लावत नाहीत. वेखंडाला सतत ओल लागते. त्याचे कंद मोरीच्या कडेला किंवा ओहोळाच्या काठी चिखलात लावतात.

गुळवेल : या भागातील सर्वांत उपयोगी वेल. मृगाचा पाऊस पडला की बोटाएवढ्या जाडीचे, दोन-तीन पेरांचे तुकडे झाडाच्या बुंध्याशी टोचतात. कडुनिंबावर चढलेली वेल अधिक गुणकारी मानतात. ताप, अशक्तपणा व त्वचाविकार यांवर खोडाचा काढा देतात. खोडावरची पातळ, कागदी साल नखाने सहज निघते आणि खाली हिरवा थर दिसतो. आडवा छेद घेतल्यास चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा दिसतात. पान हृदयाकृती आणि गुळगुळीत असते. पानावर लव असलेली किंवा खोडावर बारीक गाठी असलेली वेल याच प्रजातीतली, पण वेगळ्या जातीची असते. ती गुळवेल म्हणून वापरू नये.

शहापूर तालुक्यातील कातकरी तरुणांनी वनधन केंद्राच्या माध्यमातून गुळवेलीचा संघटित व्यापार उभा केला आणि करोनाकाळात मोठ्या औषध कंपन्यांपर्यंत माल पोहोचवला. वीटभट्टीवर स्थलांतर करावे लागणाऱ्या समाजाला गावातच मजुरीहून चांगली मिळकत देणारा हा प्रयत्न मोलाचा आहे. त्याच काळात घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू झाले. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला आणि वेलीची जात नीट तपासली होती का, असा प्रश्न उपस्थित केला. वाद पूर्ण मिटलेला नसला तरी त्यातून घ्यायचा धडा स्पष्ट आहे : ओळख पटवल्याशिवाय वेल तोडू नये, महिनोन्‌महिने काढा घेऊ नये आणि यकृताचा किंवा प्रतिकारशक्तीशी संबंधित आजार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

अडुळसा, कुडा व वेखंड : अडुळशाच्या पानांचा रस मधातून खोकल्यावर देतात. पानांतील व्हॅसिसिन या द्रव्याच्या अभ्यासातूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे आधुनिक औषध तयार झाले. व्हॅसिसिनमुळे गर्भाशयाचे आकुंचन होत असल्याने गर्भवतीला अडुळसा देत नाहीत. कुडा हे रानातले झाड असले तरी त्याची वाळवलेली साल घरात ठेवलेली असते आणि आव पडल्यास देतात. पांढऱ्या कुड्याची साल कडू असते, काळ्या कुड्यात तो गुण नाही. एकोणिसाव्या शतकात दोन्ही साली बाजारात एकमेकींत मिसळल्या जात आणि त्यामुळे चांगल्या औषधाची अपकीर्ती झाली. वेखंड सहाणेवर उगाळून बाळगुटीत घालतात. ते एक-दोन वेढे, म्हणजे नाममात्रच असते. वेखंडातील बीटा-ॲसॅरोन या घटकाच्या विषारीपणामुळे अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत त्याचा वापर बंद केला. बाळगुटीतल्या जायफळाचीही मात्रा वाढली तर गुंगी येते. आताचे बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यायला सांगतात, आणि ते ऐकावे.

धोतरा : पांढऱ्या किंवा जांभळट कर्ण्यासारख्या फुलांचे, काटेरी फळाचे झुडूप. फूल व फळ महाशिवरात्रीला शंकराला वाहतात. रसशास्त्रात धोतऱ्याची गणना उपविषांत होते, तसेच औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील विषारी आयुर्वेदिक द्रव्यांच्या यादीतही (अनुसूची ई-१) तो आहे. वैद्य त्याची शुद्धी करूनच उपयोग करतात. गावात सुजलेल्या सांध्यावर त्याचे गरम पान बांधण्यापलीकडे वापर होऊ नये, आणि तेही जखम नसलेल्या त्वचेवरच. पान, बी, फूल अशा सर्व भागांत ॲट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन ही द्रव्ये असतात. प्रत्येक झाडात, प्रत्येक ऋतूत त्यांचे प्रमाण वेगळे असल्याने सुरक्षित मात्रा घरी ठरवता येत नाही. पोटात गेल्यास तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, अंग लाल व गरम होते, लघवी अडते, नाडी जलद चालते आणि माणूस नसलेल्या वस्तूंशी बोलू लागतो. ही धुंदी नसून विषबाधा असते. उलटी करवण्यात वेळ न घालवता रुग्णाला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्यावे, आणि झाडाची फांदी सोबत न्यावी. लहान मुले खेळतात त्या अंगणात धोतरा, गुंज, कळलावी व पिवळी कण्हेर ठेवू नयेत.

मोह : फुले चैत्रात पहाटे गळतात आणि उजाडायच्या आत वेचली जातात. वाळवलेली फुले टंचाईच्या दिवसांत खाल्ली जात, बियांचे तेल निघते आणि फुले आंबवून दारू गाळतात. लग्न, बारसे, मर्तिक आणि देवकार्य यांत या दारूला आदिवासी समाजात मान होता. १८९२ च्या मोहासंबंधीच्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले गोळा करण्यावर व बाळगण्यावर निर्बंध आले. घरच्या पेयाची जागा गुत्त्यातल्या विकतच्या दारूने घेतली आणि कर्ज वाढले. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने फुलांचे संकलन व साठवण यांवरील निर्बंध हटवले. विनापरवाना दारू गाळणे मात्र गुन्हाच आहे. अशा दारूत भेसळ झाल्यास जीव जातो, हेही विसरू नये.

भांग, गांजा व अफू : पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याच्या गोव्यात १५६३ साली छापलेल्या ग्रंथात भांग आणि धोतरा या दोहोंची वर्णने आहेत. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यातील गांजाची परवानाधारक शेती मुख्यतः घाटावर, नगर जिल्ह्यात होत असे. आज अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार (१९८५) परवान्याशिवाय गांजाचे झाड लावणे गुन्हा असून त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. औषधासाठी घरी लावले, हा बचाव होत नाही. फुलोऱ्याविना असलेली पाने, म्हणजे भांग, या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यांना राज्याचा दारूबंदी कायदा (१९४९) लागू आहे. अफूची शेती केंद्राच्या परवान्याने मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश यांच्या ठरावीक भागांतच होते. मुंबईच्या गिरणगावात १९२० च्या दशकातही कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देत. मूल सांभाळायला कोणी नव्हते म्हणून हे घडत होते. पाळणाघर आणि प्रसूतीची रजा हाच त्यावरचा खरा उपाय होता.

मर्यादा : सर्पदंश, विंचूदंश, तीन दिवसांपेक्षा जास्त ताप, कावीळ, बाळंतपणातील रक्तस्राव आणि मुलांचा अतिसार यांत परसातल्या झाडपाल्यावर विसंबणे जिवावर बेतते. विंचवावर आघाड्याची मुळी लावण्याची रीत जुनी आहे. पण महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकर यांनी प्राझोसिनचा उपचार रूढ केल्यानंतर कोकणातील विंचूदंशाचे मृत्यू मोठ्या प्रमाणात कमी झाले. सर्पदंशाला प्रतिविषाशिवाय दुसरे औषध नाही. भगताकडे जायचे असल्यास ते रुग्णालयातून परतल्यावर.

ज्ञानाचे जतन : या वनस्पतींची माहिती भगत, सुईण आणि घरातील म्हाताऱ्या बायकांकडे असते. डॉ. वामन गणेश देसाई यांच्या ‘ओषधीसंग्रह’ (१९२७) या ग्रंथासारखी मराठी पुस्तके ती शास्त्रीय नावांशी जोडून देतात. जैविक विविधता कायद्यानुसार (२००२) प्रत्येक ग्रामपंचायतीने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते, आणि वनहक्क कायद्याने (२००६) गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला आहे. नोंदवहीत बहुधा झाडाचे नाव आणि ‘तापावर उपयोगी’ एवढेच लिहिले जाते. तेवढ्याने भागत नाही. कोणता भाग, कोणत्या महिन्यात तोडलेला, किती, कोणाला, किती दिवस, कोणाला मुळीच नाही आणि हुबेहूब दिसणारे दुसरे झाड कोणते, हे सगळे सुईणीला आणि भगताला तोंडपाठ असते. औषध ठरवणारी आणि विष टाळणारी माहिती हीच आहे, आणि नोंद करणाऱ्याने आधी तीच विचारून घ्यावी.