आठवड्याला १५० मिनिटं: प्रौढांची हालचाल कुठे अडते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोरकस हालचाल करायला हवी. भरभर चालणं मध्यम, धावणं जोरकस. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मधल्या २०२४ च्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ या पातळीच्या खाली होते. २००० मध्ये हे प्रमाण सुमारे २२ टक्के होतं. हालचाल कमी पडली की हृदयविकार, पक्षाघात आणि टाइप-२ मधुमेहाचा धोका वाढतो.

जिमला जायलाच हवं का?
नाही. कामावरची, प्रवासातली आणि घरातली हालचालही मोजली जाते. नाशिक जिल्ह्यात द्राक्षांचे क्रेट वाहणाऱ्या मजुराची मिनिटं शेतातच भरतात. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्याला मात्र त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागतो.

महिला मागे का?
याच अभ्यासात कमी हालचाल असलेल्या पुरुषांचं प्रमाण ४२ टक्के, तर महिलांचं ५७ टक्के होतं. स्वयंपाकघरात तासन्‌तास उभं राहून पाय दुखतात, पण हृदयाची गती फारशी वाढत नाही. नोकरी, घर आणि मुलं सांभाळून स्वतःसाठी वेळ उरत नाही. अंधारात एकटीनं चालायला रस्ता सुरक्षित वाटत नसेल, तर पहाटेची वेळही हातची जाते.

शहराचा काय संबंध?
नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आरपार सायकल शर्यत पूर्ण केली. श्रावणात हजारो लोक ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करतात. पण आरोग्यासाठी वर्षातला एक दिवस पुरत नाही, आठवडा महत्त्वाचा. घराजवळ मैदान, चालण्याजोगा फुटपाथ आणि रस्त्यावर दिवे असतील, तर चालणं सवयीचं होतं. ते नसेल, तर कोपऱ्यावरच्या दुकानातही स्कूटरनं जाणं होतं.

सुरुवात कशी करावी?
आठवड्यातले पाच दिवस ३० मिनिटं भरभर चालावं. चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो वेग योग्य. एकदम जमत नसेल, तर दहा-दहा मिनिटांचे तुकडेही चालतात. आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारे व्यायामही करावेत. हृदयविकार किंवा मधुमेह असल्यास आधी डॉक्टरांना विचारावं.