स्वेच्छेचा साधेपणा

१/ कमी वस्तूंत जगण्याच्या आजच्या विचारप्रवाहाचे एक मूळ भारतात आहे. रिचर्ड ग्रेग हे हार्वर्डमध्ये शिकलेले अमेरिकन वकील. कामगार आणि मालक यांच्यातील कलह जवळून पाहिल्यानंतर ते १९२५ मध्ये गांधीजींच्या साबरमती आश्रमात आले.

२/ इतर बहुतेक वस्तू सोडणे त्यांना जड वाटेना. अडले ते पुस्तकांपाशी. ही अडचण त्यांनी गांधीजींपुढे मांडली. ‘मग सोडू नका’, असा उत्तराचा आशय होता. ज्या वस्तूपासून मनाला आधार मिळतो ती ठेवावी. केवळ कर्तव्य म्हणून टाकलेली वस्तू मनात सलत राहते.

३/ १९३६ मध्ये ग्रेग यांनी ‘स्वेच्छेचा साधेपणा’ या विषयावर इंग्रजी निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेत तेव्हा महामंदी होती आणि लक्षावधी बेकारांवर साधेपणा लादला गेला होता. गरजा वाढवणे हीच प्रगती, हे हेन्री फोर्ड यांचे मत ग्रेग यांनी नाकारले. पण अभावाचा गौरवही केला नाही.

४/ १९८१ मध्ये ड्वेन एल्गिन यांच्या पुस्तकाने हीच संज्ञा सर्वतोमुखी केली. त्यातील पहिला शब्द मात्र अनेकदा विसरला जातो. स्वेच्छा नसेल, तर उरते ते दारिद्र्य.