त्रिनिदादची भाऊबीज

भाऊबिजेला बहीण ओवाळते आणि भाऊ तबकात ओवाळणी घालतो. त्यात नवल ते काय? पण एका भावाने मरणाच्या आदल्या दिवशी बहिणीला स्पिरिटचा लहानसा स्टोव्ह दिला, आणि त्या स्टोव्हमधून निघालेला कागद एका देशाने आजतागायत जपला आहे. ही हकीकत मला कळली ती सातासमुद्रापलीकडे, बहिणीच्याच घरी.

त्याचे असे झाले. आमची अक्का फिलिपाइन्समधल्या लॉस बान्योस गावी राहते. तेथे १९६० साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. आपल्या शेतकऱ्यांनाही ठाऊक झालेले ‘आयआर-८’ हे भाताचे वाण तिचेच. दाजी तेथे नोकरीला आहेत. माय गेल्यापासून अक्काचे दिवाळीला हिंगोलीस येणे जमले नव्हते. दर भाऊबिजेला ती फोनवर हसायची आणि हसता हसता मध्येच गप्प व्हायची. तेव्हा गेल्या डिसेंबरात नाताळच्या सुटीला रजा जोडून मीच बायकोमुलांसह निघालो. सोबत वसमतची हळद आणि मायच्या हातची एक गोधडी होती.

लॉस बान्योस या स्पॅनिश नावाचा अर्थ ‘स्नानाच्या जागा’. मकिलिंग डोंगराच्या पायथ्याशी गरम पाण्याचे झरे आहेत. आमची ही म्हणाली, “चला, राहिलेले अभ्यंगस्नान इथे उरकून घेऊ.”

गोधडीची मात्र गरजच पडली नाही. तिथला डिसेंबर आपल्या आश्विनासारखा उबदार. दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास गल्लीत पावले वाजू लागली. सोळा ते चोवीस डिसेंबर अशा नऊ पहाटे ही माणसे चर्चमध्ये प्रार्थनेला जातात. त्याला ते ‘सिंबांग गाबी’ म्हणतात. शेतकऱ्याला उजाडण्यापूर्वी शेतावर जावे लागे, म्हणून प्रार्थना पहाटेची, असे शेजारच्या आजीबाईंनी सांगितले. मला कार्तिकातली नर्सी नामदेवची काकड आरती आठवली. देव निराळा, भाषा निराळी. पण झोपेने जड झालेल्या पोरांना हाताशी धरून अंधारातून चाललेल्या आया अगदी त्याच! दारोदारी बांबूच्या कामट्यांचे आणि कागदाचे पंचकोनी तारे लोंबत होते. त्याला ते ‘पारोल’ म्हणतात. माझा मुलगा एवढेच म्हणाला, “बाबा, आकाशकंदील!” प्रार्थनेहून परतताना तांदळाच्या पिठाचा, खाली-वर निखारे ठेवून भाजलेला ‘बिबिंका’ खायचा आणि वर आल्याचा काढा प्यायचा.

या शेजारच्या आजीबाई निवृत्त शिक्षिका. आजीला तिकडे ‘लोला’ म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना लोलाच म्हणू लागलो. मी मास्तर आहे हे कळताच त्या म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही गुरो!” शिक्षकाला तिकडे ‘गुरो’ म्हणतात. तोंडाला ‘मुखा’, आशेला ‘आसा’. स्पॅनिश गलबते येण्यापूर्वीच आपले शब्द तिथे जाऊन संसार थाटून बसले होते. लोलांची थोरली मुलगी आखाती देशात परिचारिका आहे. चोवीसच्या मध्यरात्री ‘नोचे बुएना’चे जेवण मांडले, तेव्हा भाताच्या भांड्याला टेकवून फोन उभा केला होता, त्यात मुलगी दिसत होती. लोला तिला बारीकसारीक विचारत राहिल्या आणि अक्का उठून उगाच पाणी आणायला गेली.

तीस तारखेला लोला आम्हांला शेजारच्या कालांबा गावी घेऊन गेल्या. होसे रिझाल या राष्ट्रपुरुषाचा तो स्मृतिदिन. १९ जून १८६१ रोजी तो कालांब्यात जन्मला. मूळ घर राहिलेले नाही. त्याच जागी १९५० साली पुन्हा उभारलेले घर आज पाहायला मिळते. आई तेओदोरा हिने त्याला अक्षरे शिकवली. ती रात्री पुस्तक वाचून दाखवी, तेव्हा पोराचे लक्ष खोबरेल तेलाच्या दिव्याभोवती फिरणाऱ्या पतंगाकडे असे. ज्योतीत जळून गेलेल्या त्या पतंगाची आठवण त्याने पुढे लिहून ठेवली आहे.

स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजाचे नाव मिरवणाऱ्या या बेटांवर १५६५पासून स्पेनचे राज्य. कालांब्याची जमीन डॉमिनिकन धर्मगुरूंच्या ताब्यात. खंडाचा तंटा झाला आणि १८९०-९१च्या सुमारास रिझाल घराण्यासह अनेक कुळांना जमिनीवरून हुसकून लावण्यात आले. त्याआधीच, १८८७ साली, बर्लिनमध्ये रिझालची पहिली कादंबरी छापली गेली होती. तिच्या शेवटाकडचे एक प्रकरण नोचे बुएनाच्या रात्रीचे आहे: वेडी झालेली एक आई आपल्या मुलाला ओळखते आणि प्राण सोडते. ज्या सणाची आम्ही नुकतीच मेजवानी झोडली होती, त्याच्याच रात्री हे घडते! आमच्या कादंबऱ्यांना फार तर एखादा परीक्षक झोडपतो. रिझालला त्याच्या लेखणीपायी आधी हद्दपारी आणि मग मृत्यू मिळाला.

१८९६च्या ऑगस्टमध्ये बंड उसळले. त्याच्या हाती शस्त्र नव्हते. तरी नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, लष्करी न्यायालयापुढे त्याचा खटला चालला. २९ला आई आणि बहिणी भेटीस आल्या. बहीण त्रिनिदाद हिला त्याने आपला स्पिरिटचा स्टोव्ह देऊ केला आणि आत काहीतरी आहे, असे हळूच इंग्रजीत सांगितले. पहारेकऱ्यांना ती भाषा कळत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास मनिलात त्याला गोळ्या घातल्या. वय पस्तीस. स्टोव्हमध्ये बारीक अक्षरांत लिहिलेली, बिननावाची कविता निघाली. मायभूमीचा निरोप घेणारी ती कविता १८९७ साली हाँगकाँगला छापली गेली. प्रेत कोठे पुरले ते घरच्यांना सांगितले नव्हते. दुसरी बहीण नार्सिसा हिने स्मशाने धुंडाळून ती जागा शोधली आणि ओळखू येऊ नये म्हणून भावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने दगडावर कोरून घेतली.

हे ऐकताना मला आमची आजी आठवली. निजामाच्या राज्यात, १९४७-४८च्या धामधुमीत, तिचा भाऊ पैनगंगेपलीकडे उमरखेडच्या छावणीत होता. आजी शिदोरी घेऊन नदी ओलांडायची. भाकरींच्या चळतीत चिठ्ठ्या असत. “मला कुठं वाचता येत होतं? भाकर भावाची, चिठ्ठी देशाची,” असे ती म्हणे. तिचा भाऊ परत आला, म्हातारा झाला, दर भाऊबिजेला आमच्या ओसरीवर बसून लाडू खात राहिला. त्रिनिदादच्या नशिबी तेवढे नव्हते.

इतिहासाच्या पुस्तकात तहनामे येतात, लढाया येतात. स्टोव्ह आणि भाकरी येत नाहीत. मी वीस वर्षे इतिहास शिकवतो आहे, आणि फळ्यावर आजीचे नाव मी कधी लिहिले नाही.

निघायच्या आदल्या रात्री दारातल्या पारोलखाली पाट मांडून अक्काने मला ओवाळले. मी तबकात नोट ठेवली. तिने ती परत माझ्या खिशात घातली. म्हणाली, “पैसे नकोत रे. आजीची भाकर आणि त्या बाईचा स्टोव्ह, दोन्ही लिहून काढ. दिवाळी अंकात आलं की पाठव.”

अक्का, ही घे तुझी ओवाळणी. उशीर झाला खरा.