ठरावीक अक्षरं असलेले इंग्रजी शब्द कसे शोधायचे? कान बाजूला ठेवा, डोळ्यांनी शोधा

रामायण लिहायचं, पण त्यात 'राम' हा शब्दच येऊ द्यायचा नाही. जमेल?

अठराव्या शतकात बारामतीत राहणाऱ्या कवी मोरोपंतांनी हे जमवलं. त्यांच्या 'निरोष्ठ रामायणा'त प, फ, ब, भ, म ही ओठांनी उच्चारायची अक्षरं वर्ज्य आहेत. साहजिकच राम, लक्ष्मण, भरत, हनुमान ही सगळी नावं बाद!

म्हणजे अक्षरांची अट घालून शब्द शोधायचा नाद बारामती-पणदऱ्याच्या पट्ट्याला जुना आहे. आता तो मोबाईलवर आलाय आणि अक्षरं इंग्रजी झालीत, इतकंच. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हिरव्या-पिवळ्या चौकोनांचं चित्र आलं, की समजायचं कुणीतरी 'वर्डल' सोडवलंय. जॉश वॉर्डल यांनी बनवलेला हा खेळ २०२१ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो विकत घेतला. पाच अक्षरी शब्द, सहा संधी. अक्षर बरोबर जागी असेल तर हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, नसेलच तर करडं.

आपण अडतो कुठे?

मराठीत बहुतेक वेळा जसं ऐकतो तसं लिहितो. इंग्रजीत अक्षरं २६ आणि ध्वनी सुमारे ४४. त्यामुळे एकच उच्चार दोन-तीन प्रकारे लिहिला जातो. 'स्टेअर'चंच बघा. एकटक बघणं असेल तर एस-टी-ए-आर-ई, जिन्याची पायरी असेल तर एस-टी-ए-आय-आर. कानाला फरक शून्य, पण खेळ अक्षरं मागतो, उच्चार नाही.

महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधीची पिढी पाचवीत एबीसीडी शिकली, आणि त्यातल्या अनेकांना अजून वाटतं की हे खेळ आपल्यासाठी नाहीत. पण या पिढीने स्पेलिंग एकेक अक्षर मोठ्याने म्हणत पाठ केलंय. या खेळात नेमकं तेच कामाला येतं.

आधी साचा मांडा

समजा तिसरं अक्षर ए आणि पाचवं ई मिळालंय. कागदावर लिहा: रिकामं, रिकामं, ए, रिकामं, ई. आता अख्खा शब्द आठवत बसू नका. सुरुवातीच्या जोड्या घ्या: बी-एल, सी-आर, जी-आर, पी-एल, एस-एच, एस-टी. प्रत्येक जोडी साच्यात बसवून पाहिली की शब्द आपोआप येतात: ब्लेम, क्रेन, ग्रेप, प्लेट, शेक, स्टेज.

जोड्यांचे काही नियम लक्षात ठेवले तर निम्मं काम होतं:

• क्यूच्या मागे जवळपास नेहमी यू येतो.
• सी-के ही जोडी शब्दाच्या सुरुवातीला येत नाही. ती मध्ये किंवा शेवटी असते.
• वी हे शेवटचं अक्षर सहसा नसतं. म्हणूनच गिव्ह आणि हॅवच्या शेवटी ई लावलेला असतो.
• ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही लागत नसेल तर वाय तपासा: जिम, स्काय, मिथ.

आणखी एक गोष्ट. वर्डलमध्ये उत्तरं अमेरिकन स्पेलिंगची असतात. शाळेत शिकलेल्या 'फेव्हर'मध्ये यू आहे, पण २०२२ मध्ये उत्तर म्हणून आलेला 'फेव्हर' यू नसलेला होता.

चार हिरवे चौकोन आणि तरीही हार

एस, रिकामं, ए, आर, ई. फक्त दुसरं अक्षर बाकी. सोपं वाटतं ना? पण इथे स्केअर, शेअर, स्नेअर, स्पेअर आणि स्टेअर असे पाच शब्द बसतात. हातात दोनच संधी असतील तर एकेक शब्द टाकून पाहणं म्हणजे जुगार.

त्याऐवजी 'पॅच' टाका. पी-ए-टी-सी-एच. हा शब्द उत्तर नाही हे माहीत असूनही टाकायचा. पी पिवळा झाला तर उत्तर स्पेअर, टी झाला तर स्टेअर, सी झाला तर स्केअर, एच झाला तर शेअर. चारपैकी एकही लागला नाही तर उरतो स्नेअर. एका संधीत पाचही शक्यतांचा निकाल! 'हार्ड मोड' चालू असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही.

अवघड अक्षरं आणि आपले शब्द

स्क्रॅबल हा खेळ अमेरिकेतल्या आल्फ्रेड बट्स या आर्किटेक्टने १९३८ मध्ये तयार केला. कोणतं अक्षर किती वेळा येतं, हे त्याने वर्तमानपत्राची पानं मोजून ठरवलं. म्हणून १०० सोंगट्यांत ई तब्बल १२ आहेत, तर क्यू आणि झेड एकेकच आणि दोघांना प्रत्येकी १० गुण. जे आणि एक्सला ८, केला ५.

इथे मराठी माणसाचं पारडं जड आहे. लाख, खाकी, खादी, धोती, घाट, राजा, रोटी, रायता हे शब्द स्क्रॅबलच्या शब्दयादीत आहेत. के-एच, डी-एच, जी-एच या जोड्या हातात आल्या की इतर खेळाडू गोंधळतात. आपण मात्र घरातलेच शब्द आठवायचे. 'माँगूस' तर थेट आपल्या मुंगसावरून इंग्रजीत गेलाय.

वेबसाइटची मदत घ्यावी का?

छापील शब्दकोश पहिल्या अक्षरानुसार लावलेला असतो. मधलं किंवा शेवटचं अक्षर माहीत असेल तर तो फारसा उपयोगी पडत नाही. 'वनलुक'सारख्या साइटवर मात्र साचा देता येतो. एका अज्ञात अक्षरासाठी एक प्रश्नचिन्ह, कितीही अक्षरांसाठी फुली-चांदणी. मग पूर्ण यादी समोर येते.

समोर कुणी स्पर्धक असेल तर अर्थात ही लबाडी होईल. एकट्याने खेळताना आधी सगळ्या संधी वापरा आणि नंतर यादी उघडा. आपल्याला न सुचलेला शब्द तिथे दिसला, की त्याचा अर्थ बघा आणि वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी तो शब्द तुमचा असेल.