फळा ऐकू आला तर...

टी. व्ही. रामन हे नाव आपल्याकडे फारसं कुणाच्या कानावर नसतं. माणूस जन्माने पुण्याचा, 1965 सालचा. काचबिंदूने चौदाव्या वर्षी दृष्टी पूर्ण गेली. तरी पुणे विद्यापीठातून गणिताची पदवी घेतली आणि मग मुंबईच्या आयआयटीत संगणकशास्त्र शिकले. पुस्तकं भाऊ आणि इतर मंडळी वाचून दाखवायची.

पण गणित वाचून दाखवणं वाटतं तितकं सोपं नाही. 'क्ष अधिक एक छेद य' म्हटलं, तर य दोघांच्या खाली की नुसत्या एकाच्या? डोळ्याला रेघेची लांबी दिसते, कानाला कशी कळणार? अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पीएचडी करताना रामन यांनी हेच कोडं हातात घेतलं. 1994 सालच्या त्यांच्या प्रबंधातली 'ॲस्टर' ही प्रणाली संगणकावर लिहिलेलं गणित बोलून दाखवते. घात आला की आवाज चढतो, खाली लिहिलेला अंक आला की उतरतो. ऐकणाऱ्याला हवा तेवढाच तुकडा पुन्हा ऐकता येतो. गंमत म्हणजे, 'ॲस्टर' हे त्यांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्याचंही नाव! पुढे अडोबी, आयबीएम आणि 2005 मध्ये गूगल.

दुसरं उदाहरण आपल्या मराठवाड्यातलं. औरंगाबादचे (आताचं छत्रपती संभाजीनगर) निकेत दलाल. काचबिंदूनेच त्यांचीही दृष्टी 2015 मध्ये गेली. फेब्रुवारी 2020 मध्ये दुबईत त्यांनी हाफ आयर्नमॅन पूर्ण केली: 1.9 किलोमीटर पोहणं, 90 किलोमीटर सायकल आणि वर 21.1 किलोमीटर धावणं. अशी शर्यत पूर्ण करणारे ते पहिले दृष्टिहीन भारतीय. 2025 मध्ये ते गेले. या शर्यतीत दृष्टिहीन खेळाडूसोबत एक जोडीदार असतो. पोहताना आणि धावताना मध्ये दोरी, सायकल दोघांची. वळण आलं, चढ आला, की जोडीदार बोलून सांगतो. पाय मात्र खेळाडूलाच मारावे लागतात.

अशा माणसांना आपण 'अंधारावर मात' वगैरे म्हणून हार घालतो आणि मोकळे होतो. त्यांची जिद्द तर आहेच. पण त्यांना जे दिसत नव्हतं, ते कुणीतरी किंवा कशानेतरी नीट सांगितलं, हे आपण विसरतो.

लातूर आणि नांदेड म्हणजे क्लासेसची गावं. लातूर पॅटर्नचा दबदबा राज्यभर. इथल्या वर्गात फळ्याकडे बोट दाखवून सर म्हणतात, "हे इकडे नेलं, याने याला भागलं." परीक्षेला दृष्टिहीन मुलाला लेखनिक मिळतो, जादा वेळही मिळतो. पण वर्षभर त्या 'हे' आणि 'याने'चं त्याने काय करायचं?

फळ्यावर जे लिहितो ते पूर्ण बोलायचं, एवढंच. त्याला ना निधी लागतो ना जीआर. मागच्या बाकावरच्या मुलांचाही फायदाच होईल!