भौतिकी चिकित्सा

उष्णता, थंडावा, पाणी, विद्युत्‌ प्रवाह, मर्दन व व्यायाम या भौतिक साधनांनी शरीराची हालचाल पूर्ववत करण्याच्या किंवा उरलेली टिकविण्याच्या उपचारपद्धतीस भौतिकी चिकित्सा म्हणतात. शस्त्रक्रियेत रुग्ण निष्क्रिय असतो. येथे त्याच्या स्वतःच्या प्रयत्नावाचून उपचार सहसा पुरा होत नाही.

मर्दन व शेक प्राचीन काळापासून रूढ आहेत; आयुर्वेदातील अभ्यंग व स्वेदन परिचितच आहेत. व्यायामाला पद्धतशीर रूप देण्याचे श्रेय स्वीडनच्या पेर हेन्‍रिक लिंग (१७७६–१८३९) यांस देतात; त्यांची स्टॉकहोम येथील व्यायामसंस्था १८१३ मध्ये निघाली. इंग्लंडमध्ये मालिशीच्या नावाखाली चालणाऱ्या अनैतिक धंद्यांचा बोभाटा झाला, तेव्हा १८९४ मध्ये चार परिचारिकांनी प्रशिक्षित मर्दनकारिणींची संस्था लंडनला स्थापन केली. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांमुळे या व्यवसायाचा झपाट्याने विस्तार झाला.

खरा वाद पेटला तो बालपक्षाघातावरून (पोलिओ). लुळे अवयव वेडेवाकडे होऊ नयेत म्हणून ते प्लास्टरमध्ये किंवा फळ्यांना बांधून महिनोन्‌महिने निश्चल ठेवीत. परिणामी सांधे आखडत व वाचलेले स्नायूही रोडावत. ऑस्ट्रेलियातील परिचारिका एलिझाबेथ केनी (१८८०–१९५२) यांनी हे बंध सोडविले, लोकरी कापडाचा ओला गरम शेक दिला आणि मुलांना स्नायू पुन्हा वापरावयास शिकविले. क्वीन्सलँडच्या चौकशी आयोगाने १९३८ मध्ये त्यांच्याविरुद्ध मत दिले. १९४० मध्ये त्या अमेरिकेस गेल्या व मिनीॲपोलिस येथे त्यांच्या पद्धतीस मान्यता मिळाली. स्नायूंचे आकडणे हाच मूळ रोग, हे त्यांचे स्पष्टीकरण मात्र टिकण्यासारखे नव्हते. विषाणू मेरुरज्जूतील प्रेरक कोशिकांचा नाश करतो आणि मेलेली कोशिका शेकाने परत येत नाही. उपपत्ती चुकीची असूनही उपचार उपयुक्त ठरला, तो जिवंत स्नायूंना वाया जाऊ न दिल्यामुळे.

मुंबईतही पोलिओच्या साथीनंतरच, १९५० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत, के. ई. एम. रुग्णालयात या विषयाचे शिक्षण सुरू झाले.

भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त घोषित झाला. अर्धांगवायू, अस्थिभंग, हृदय-फुप्फुसांवरील शस्त्रक्रिया, कंबरदुखी यांत आता या चिकित्सेचा मुख्य उपयोग होतो. पोलिओतून बचावलेल्यांना मात्र काही दशकांनी पुन्हा अशक्तपणा जाणवू लागतो. त्यांना स्नायू थकणार नाहीत एवढाच व्यायाम देतात आणि अधूनमधून विश्रांती घ्यावयास सांगतात.